एक्केचाळीस टाइमशीट आणि काकांचा पासवर्ड

नोव्हाय, मिशिगन
सोमवार, १२ फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप राजारामकाकांना रेणूचा नमस्कार. आधी घडलं ते क्रमाने लिहिते. तुमच्या तब्येतीची चौकशी त्याच्या खाली आहे.

१. शनिवार, २७ जानेवारी. तुम्ही आणि शोभाकाकू चार आठवड्यांच्या रजेवर पुण्याला गेलात.

२. शुक्रवार, २ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा. ऑडिटवाल्यांच्या सांगण्यावरून मी ऑफिसच्या प्रोजेक्ट सर्व्हरच्या परमिशन बदलल्या. पूर्वी कुठलाही टीम लीड कुणाचीही टाइमशीट मंजूर करू शकत असे. आता माणसाच्या नावापुढे जो मॅनेजर लिहिलेला असेल, त्यालाच ते करता येतं.

३. सोमवार, ५. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस टाइमशीट अडकल्या. मंगळवारी त्या तशाच होत्या. पगार गुरुवारी व्हायचा होता.

४. बुधवार, ७, सकाळी ९ वाजून १२ मिनिटं. तुमच्या नावाने लॉगिन झालं आणि चार मिनिटांत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मंजूर झाल्या. लॉगिन झालं ते तिसऱ्या मजल्यावर प्रिंटरशेजारी जो सगळ्यांचा कॉम्प्युटर आहे त्यावरून. तुम्ही तेव्हा पुण्यात होतात.

५. शुक्रवार, ९. हे ऑडिटवाल्यांना सापडलं.

६. आज. मला सांगण्यात आलं की येत्या शुक्रवारी, १६ तारखेला सकाळी दहा वाजता माझी चौकशी आहे. तुमची नाही. माझी.

आता रीतीचं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना, की तीही भारतात गेल्यावर साडेदहा तास पुढे गेली? काकूंचा दात काढून झाला असेल. (मिशिगनमध्ये एक दात काढायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात पुण्यात दात काढून वर पैठणी येते, असं त्या म्हणाल्या होत्या. आली असल्यास रंग कळवावा.) इथे काल पुन्हा आठ इंच बर्फ पडला. तुमच्या ड्राइव्हवेवरचा मी काढला. तुमच्या घराची हीटिंग अठ्ठावन्न फॅरनहाइटवर आहे, पाइप गोठलेले नाहीत, तुळस जिवंत आहे. हे सगळं मी रागात लिहिते आहे, पण ते खरं आहे.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. मी चार वेळा केला. पहिल्या वेळी तुम्ही आंघोळीला गेला होतात. दुसऱ्या वेळी काकूंनी घेतला. काकांना द्या, ऑफिसचं काम आहे, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ऑफिसचं राहू दे गं, आधी सांग जेवलीस का," आणि मग ॲन आर्बरच्या कुणा मुलाची उंची सांगितली. मी विचारली नव्हती. तिसऱ्या वेळी तुम्ही स्वतः आलात आणि म्हणालात, "अगं, एवढंसं तर आहे. ग्रेगला सांग, राजाराम आल्यावर बघेल." एवढ्यात माझं कॉलिंग कार्ड संपलं. चौथ्या वेळी तुमच्या भाच्याने, प्रसादने उचलला. मामा झोपलेत, म्हणाला. त्याच्या मागून तुमचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तुम्ही त्याला म्हणत होतात, "झोपलोय म्हणून सांग."

म्हणून हे कागदावर लिहून, स्कॅन करून प्रसादला पाठवते आहे. तो छापून तुमच्या हातात देईल. तुम्ही ई-मेल छापून घेतल्याशिवाय वाचत नाही, आणि छापलेला कागद हातात आला की भेळेचा असला तरी पूर्ण वाचता, हे मला तुमच्या बेसमेंटमध्ये राहिले त्या एकवीस दिवसांत कळलं आहे. (ते एकवीस दिवस मी विसरलेले नाही. विमानतळावर तुम्ही घ्यायला आला होतात, काकूंनी माझ्यासाठी बर्फातले बूट आणून ठेवले होते, आणि ही नोकरी तुम्ही साहेबाच्या, ग्रेगच्या, कानावर माझं नाव घातल्यामुळे मिळाली. या पत्रात पुढे जे येणार आहे ते हे सगळं लक्षात ठेवून लिहिलेलं आहे. तुम्ही माझ्या बाबांचे आतेभाऊ नसतात तर हे दोन ओळींत झालं असतं.)

बिघाड नेमका काय होता ते समजून घ्या, कारण ग्रेगला वाटतं तो मी केला, ऑफिसातल्या अनीशला वाटतं तो सॉफ्टवेअरने केला, आणि तुम्हाला वाटतं की बिघाड झालाच नाही. या सर्व्हरवर प्रत्येक परमिशनपुढे दोन चौकोन असतात: होकार आणि नकार. दोन्ही रिकामेही ठेवता येतात. माणूस पाच गटांत असेल, चार गटांत होकार असेल आणि पाचव्यात एकच नकार असेल, तर नकार जिंकतो. (तुम्हाला हे कठीण जाऊ नये. पन्नास माणसांनी पसंती दिली आणि एका आत्याने नाक मुरडलं की लग्न मोडतं, तसंच.) मी टीम लीडच्या गटाला "दुसऱ्यांच्या टाइमशीट मंजूर करणे" यापुढे नकार दिला, कारण ऑडिटवाल्यांनी ते लेखी मागितलं होतं. ते बरोबर होतं आणि अजूनही बरोबर आहे. सोमवारी सकाळी तक्रारी आल्या तेव्हा मी आधी माझीच चूक धरून चालले. गट तपासले. सर्व्हर पुन्हा सुरू केला. एका खोट्या माणसाची खोटी टाइमशीट भरून पाहिली. ती व्यवस्थित मंजूर झाली. म्हणजे नियम चालत होता. मग मी खऱ्या माणसांच्या नावापुढे कोण मॅनेजर लिहिला आहे त्याची यादी काढली. एक्केचाळीस जणांपुढे तुमचं नाव होतं.

या एक्केचाळिसांत मोटारीची सीट ज्यांवर सरकते त्या रुळांवर काम करणारे आहेत, ज्यांना तुम्ही ओळखता. टेक्सासमधले चौघे आहेत, ज्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही. २००५ साली निवृत्त होऊन सल्लागार म्हणून परत आलेले एक गृहस्थ आहेत. ग्रेग आहे. ग्रेग, जो आपल्या विभागाचा डायरेक्टर आहे आणि तुमचा साहेब आहे, तो सर्व्हरच्या दृष्टीने चार वर्षं तुमच्या हाताखाली आहे. आणि तुम्ही आहात. तुमचे मॅनेजर तुम्हीच. मी ती यादी ग्रेगला दाखवली तेव्हा त्याने स्वतःचं नाव बोट ठेवून पुन्हा वाचलं.

हे कसं झालं तेही मी शोधलं, कारण सर्व्हर तारीख ठेवतो. २००३च्या मार्चमध्ये सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा मॅनेजरची जागा भरल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. ज्यांचा मॅनेजर माहीत नव्हता, त्यांच्यापुढे तुम्ही स्वतःचं नाव घातलंत. पुढे शेऱ्याच्या जागेत इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहिला आहे: "तूर्त." आपल्याकडे तूर्त ही काळाची सर्वांत लांब मुदत आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पत्रव्यवहारासाठी पत्ता हवा होता तेव्हा तूर्त तुमच्या घरचा दिला होता. गेली अकरा वर्षं मंडळाचे सतरंज्यांचे गठ्ठे तुमच्या गराजमध्ये आहेत आणि तुमची गाडी बर्फात. ते तुमचं घर आहे, मी काही बोलणार नाही. पण चाळीस माणसांचे कामाचे तास म्हणजे सतरंज्या नाहीत. पूर्वी कुणीही कुणाचंही मंजूर करत होतं, म्हणून हे झाकून राहिलं. मी फक्त दार लावलं, आणि आत तुम्ही एकटेच उभे होतात.

इथे माझी चूक लिहिते, कारण ती मी शुक्रवारीही सांगणार आहे. ही यादी मी सोमवारी पहिल्यांदा पाहिली नाही. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशीच पाहिली होती. तुमचं नाव काढून तिथे खऱ्या मॅनेजरांची नावं घालायला मला वीस मिनिटं लागली असती. पण मोठ्या माणसाचं नाव त्याला न विचारता परस्पर खोडायचं, हे मला बरं वाटलं नाही. विचारून खोडू, म्हणून मी संध्याकाळी तुमच्या घरी आले. तुम्ही बाथरूममधल्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभे होतात आणि काकू खाली वाकून काटा वाचत होत्या. मी विचारलं. "आल्यावर बघू गं," म्हणालात. मी बरं म्हटलं, आणि दोन किलो बदाम दुसऱ्या बॅगेत हलवायला मदत केली. नंतर ऑडिटवाल्यांनी तारीख पुढे ढकलू दिली नाही आणि मी नावं तशीच ठेवून नियम बदलला. एखाद्या अमेरिकन मुलीने तुम्हाला न विचारता ते नाव खोडलं असतं आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नसतं. हा माझ्या रागाचा तो भाग आहे जो तुमच्यावर नाही.

बाकीचा तुमच्यावर आहे. त्याच संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीच्या दुसऱ्या वाढणीला तुम्ही जबाबदाऱ्या वाटल्यात. घराची किल्ली माझ्याकडे, गाडी आठवड्यातून एकदा चालू करायला ऑफिसातल्याच सत्यजितकडे, टपाल अनीशकडे. आणि त्याच हाताने, त्याच आवाजात, आम्हा तिघांना ऑफिसचा पासवर्ड. "अडलंनडलं तर असावा. आपल्यात काय लपवायचं?" मी तेव्हा म्हटलं, काका, मला सांगू नका. तुम्ही म्हणालात, "तू तर ॲडमिन आहेस, तुला आधी सांगायला हवा," आणि तो सावकाश उच्चारलात, सत्यजितने कागदी रुमालावर लिहून घेतला. तो काय आहे ते मी इथे लिहीत नाही, पण देवाचं नाव आणि घराचा नंबर यांतून तुमची तीन खाती उघडतात, हे तुम्ही आल्यावर आधी बदला. तुम्ही विश्वास म्हणून दिलात हे मला कळतं. घरची किल्ली देणाऱ्या माणसाला पासवर्ड न देणं कंजूषपणाचं वाटतं. पण किल्ली घेऊन तुमच्या घरात गेलेल्या मला कुणी राजाराम समजत नाही. सर्व्हर समजतो.

आता बुधवार. एक्केचाळीस टाइमशीट मी मंजूर केल्या नाहीत. सत्यजितने केल्या नाहीत. तो त्या दिवशी घरून काम करत होता, आणि हे त्याने मी विचारायच्या आधी मला तीनदा सांगितलं. उरला अनीश. त्याला मी कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. त्याने लपवलं नाही. "यार रेणू, काकांनीच सांगितलं होतं ना, अडलं तर करून टाक. अडलं होतं. केलं." मग हे ग्रेगला लिहून दे, मी म्हटलं. "लिहून? वेडी आहेस का? माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन चालू आहे." माझंही चालू आहे, मी म्हटलं. त्यावर तो अगदी मनापासून म्हणाला, "हो, पण तुझ्याकडे ॲडमिन राइट्स आहेत ना. तुझ्यावर विश्वास ठेवतील." गेले तीन दिवस मी या वाक्याचा अर्थ लावते आहे. (गुरुवारी सगळ्यांचा पगार वेळेवर झाला तेव्हा लोकांनी अनीशच्या टेबलावर डोनट आणून ठेवले. कुणाला काही नक्की माहीत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. त्यातला एक त्याने मला देऊ केला.)

विश्वासाचं म्हणाल तर आज दुपारी ग्रेगने मला बोलावलं आणि दार लावलं. इथला साहेब दार लावल्यावर आवाज वाढवत नाही, उलट खाली आणतो आणि वीकेंड कसा गेला ते विचारतो. मग म्हणाला, राजारामचं खातं तो भारतात असताना या इमारतीतून उघडलं गेलं आहे, आणि दुसऱ्याचा पासवर्ड बदलण्याचा अधिकार या मजल्यावर फक्त तुला आहे. मी म्हटलं, पासवर्ड बदलला असता तर त्याची नोंद झाली असती, आणि तशी नोंद नाही. तो म्हणाला, मग तो कुणाला तरी माहीत असणार. मी म्हटलं, असणार. तो म्हणाला, राजारामने सत्तावीस वर्षांत कधी कुणाला पासवर्ड दिला असेल असं मला वाटत नाही. तो फार जुन्या वळणाचा आहे. काका, तो तुम्ही आम्हा तिघांना दिला होता हे मी सांगितलं नाही. तुम्ही फार जुन्या वळणाचे आहात यात शंका नाही. पण ते वळण कुठे जातं हे ग्रेगला माहीत नाही.

शुक्रवारी काय होऊ शकतं ते एकदाच लिहिते. मला काढून टाकलं तर नोकरीबरोबर व्हिसा जातो, आणि मी नागपूरला परत जाते, कागदावर "दुसऱ्याचं खातं वापरलं" एवढा शेरा घेऊन. या धंद्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला या शेऱ्यानंतर कुणी सर्व्हर देत नाही. हे बाबांना कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका. काकूंना सांगायला हरकत नाही, म्हणजे ॲन आर्बरचा विषय तरी थांबेल.

घरातल्या सर्वांना नमस्कार. प्रसादला स्कॅन छापण्याच्या त्रासाबद्दल आभार सांगावेत.

आपली,
रेणू

ता. क. पत्रात मागणं लिहायचं राहिलं. मला माझ्या स्वभावाचं प्रशस्तिपत्र नको आहे. तुम्ही ग्रेगला ई-मेल करा, त्यात दोनच गोष्टी लिहा: पासवर्ड तुम्ही स्वतः दिला होता, आणि कुणाकुणाला दिला होता. बुधवारी सकाळी क्लिक कुणी केलं ते तुम्हाला ठाऊक नसेल तर लिहू नका. ते अनीशने सांगायचं आहे. यादीत माझं नावही घाला. मी नको म्हटलं होतं हे घालायची गरज नाही, पण घातलंत तर बरं.

ता. क. २. वरच्या क्रमवार नोंदीत मी एक ओळ गाळली आहे. ती अशी: बुधवार, ७, दुपारी ४ वाजून ४० मिनिटं. त्याच कॉम्प्युटरवरून तुमच्या नावाने दुसऱ्यांदा लॉगिन झालं आणि मंजूर झालेली एक टाइमशीट मागे घेतली गेली. ते मी केलं. अनीशने एक्केचाळीसही डोळे मिटून मंजूर केल्या. त्यांत तुमची होती. तुम्ही रजेवर निघायच्या आधी चारही आठवडे नेहमीसारखे रोज आठ तास भरून ठेवले होतेत, विसरायला नको म्हणून. मला माहीत आहे की त्यात वाईट हेतू नव्हता, कारण तुम्ही दिवाळीचं शुभेच्छापत्रही सप्टेंबरात टाकता. पण हेतूसाठी ऑडिटच्या तक्त्यात रकाना नाही. पहिल्या आठवड्याचे ते चाळीस तास पगारात गेले असते तर तुम्ही पुण्यात बसून नोव्हायमध्ये काम केल्याचे पैसे घेतलेत असं झालं असतं. पगाराची यादी पाचला बंद होणार होती, म्हणजे तुम्हाला कळवून तुमच्याकडून मागे घ्यायला लावायला वेळ होता वीस मिनिटं, आणि तुम्ही झोपला होतात; त्या वेळी खरोखरच, तिथे पहाटेचे तीन वाजले होते. त्यामुळे मी तुमच्या पासवर्डने आत गेले. चार पानं तुम्हाला जे ऐकवलं ते मीही केलं आहे. ऑडिटवाल्यांना हे दुसरं लॉगिन सापडलं आहे. त्या वेळी अनीश मुलीला डेकेअरमधून आणायला गेला होता आणि मी त्या प्रिंटरपाशी होते हे तिघांनी पाहिलं आहे. म्हणून चौकशी माझी आहे.

ता. क. ३. मी काय केलं ते ग्रेगला मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही. का केलं ते सांगायचं तर तुमचे चाळीस तास सांगावे लागतात, आणि ते आधी तुमच्याकडून यावेत असं मला वाटतं. शुक्रवारी दहा वाजता मला थेट विचारतील तेव्हा मी खोटं बोलणार नाही. मला ते नीट जमतही नाही. उरलेल्या तीन आठवड्यांच्या तुमच्या भरलेल्या टाइमशीट सर्व्हरवर तशाच आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. त्या रजेच्या म्हणून दुरुस्त करायच्या आहेत, हेही त्याच ई-मेलमध्ये तिसरी गोष्ट म्हणून लिहा. तुमची सत्तावीस वर्षं झाली आहेत; स्वतःहून सांगितलंत तर ग्रेग तुम्हाला रागावेल आणि विसरेल. माझ्या तोंडून कळलं तर विसरणार नाही, आणि मलाही ते आयुष्यभर जमणार नाही.

ई-मेल करणार आहात की नाही ते मला गुरुवार, १५ फेब्रुवारी, तुमच्याकडच्या रात्री आठ वाजेपर्यंत कळवा. नाही असेल तरी कळवा.